घरगुती मत्स्यपात्रातील स्पंजाची गाळणी : कार्य, मांडणी व निगा

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही अशा माशांची दुकाने दिसतात, शाळांतून टाक्या मांडल्या जातात आणि काही शेतकरी कुटुंबे परसातील टाक्यांत गप्पी, मॉली, प्लॅटी या जातींची पिल्ले वाढवून ती विकतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. त्यामुळे जी गोष्ट केवळ करमणुकीची समजली जात असे, तिच्याकडे जोडधंदा म्हणून पाहण्यास प्रारंभ झाला आहे.

या हौसेत व जोडधंद्यात होणारे नुकसान मात्र बहुतेक ठिकाणी दोन ठरावीक प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात टाकी नवी असते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, मासे तीन-चार दिवस चपळपणे फिरतात आणि त्यानंतर ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. आठवडा संपण्याच्या आत निम्मे मासे दगावतात. दुसऱ्या प्रकारात टाकी जुनी व उत्तम चाललेली असते. सणाच्या आधी घराची साफसफाई निघते, टाकीतील गाळणीही नळाखाली खळखळून धुतली जाते, उन्हात वाळविली जाते आणि पुन्हा बसविली जाते. त्याच आठवड्यात मासे मरू लागतात. अशा वेळी दोष पाण्याला, खाद्याला किंवा मासे विकणाऱ्याला दिला जातो. वस्तुतः दोन्ही प्रकारांचे कारण एकच होय : स्पंजाची गाळणी काय काम करते, याची नीट कल्पना नसणे.

गाळणी नव्हे, शेत

बाजारात ‘स्पंज फिल्टर’ या नावाने मिळणारे हे साधन अगदी साधे असते. सच्छिद्र कृत्रिम स्पंजाचा एक लंबगोल किंवा चौकोनी तुकडा, त्याच्या मधोमध बसविलेली पोकळ नळी, आणि त्या नळीत हवा सोडणारा छोटा पंप, एवढाच त्याचा पसारा असतो. गाळणी या शब्दामुळे चहाच्या गाळणीप्रमाणे ती केवळ कचरा अडविते, असा समज होणे साहजिक आहे. माशांची विष्ठा, उरलेल्या खाद्याचे कण आणि वनस्पतींची सडलेली पाने या स्पंजात अडकतात हे खरे आहे. परंतु हे तिचे दुय्यम काम होय. तिचे मुख्य काम डोळ्यांना दिसत नाही. स्पंजाच्या असंख्य छिद्रांच्या भिंतींवर सूक्ष्म जिवाणूंचा पातळ थर वाढतो आणि पाण्यात विरघळलेले विष हा थर निर्विष करतो.

हे कार्य शेतकऱ्यास अपरिचित नाही. पिकास अमोनियम सल्फेट किंवा युरिया दिल्यानंतर त्यातील नत्र जमिनीत अमोनियम रूपात येते. पुढे जमिनीतील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेस नत्रीकरण म्हणतात. जमिनीतील मातीचे कण ज्याप्रमाणे जिवाणूंस आधार देतात, त्याचप्रमाणे टाकीत स्पंज आधार देतो. म्हणून स्पंजाच्या तुकड्याकडे पाण्यात उभे केलेले एक लहानसे शेत या दृष्टीने पाहिल्यास त्याची निगा कशी राखावी, हे आपोआप उमगू लागते.

नत्रीकरण हे सजीवांचे कार्य आहे, ही गोष्ट १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोसिंग व म्युन्त्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. त्यांनी काचेच्या नळीत वाळू व चुनखडीची पूड भरून तीतून सांडपाणी हळूहळू पाझरत ठेवले. सुमारे वीस दिवस सांडपाण्यातील अमोनियात काहीच बदल दिसला नाही. त्यानंतर मात्र नळीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा ही क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ती आपोआप सुरू झाली नाही. ताज्या मातीचे धुवण ओतल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. मासे पाळणाऱ्यास जे ज्ञान हवे, ते जवळजवळ सर्व या एका प्रयोगात आहे. जिवाणूंस स्थिर होण्यास कित्येक दिवस लागतात, विषारी द्रव्याने ते नष्ट होतात, आणि जिवंत जिवाणूंचे विरजण घातल्यास काम पुन्हा सुरू होते.

१८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखविले. गोड्या पाण्याच्या मत्स्यपात्रांत नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम मुख्यत्वे नायट्रोस्पायरा या गटातील जिवाणू करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून कळून आले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची संपूर्ण क्रिया एकटाच पार पाडू शकणारा जिवाणूही सापडला.

विष किती साचते?

मासा आपल्या शरीरातील टाकाऊ नत्र बहुतांशी कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. नदीत किंवा तळ्यात ते विपुल पाण्यात विरून जाते. काचेच्या टाकीत त्यास जाण्यास वाटच नसते.

एक साधा हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशा टाकीत काठोकाठ भरल्यास ५४ लिटर पाणी मावते. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ४५ लिटर पाणी राहते. अशा टाकीतील वीस लहानमोठ्या गप्पी माशांस दिवसाकाठी अर्धा ग्रॅम कोरडे खाद्य दिले व त्या खाद्यात ४० टक्के प्रथिने असली, तर मत्स्यसंवर्धनात वापरल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे सुमारे १८ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र रोज पाण्यात येते. म्हणजे दर लिटरमागे प्रतिदिनी ०.४ मिलिग्रॅमची भर पडते. ते निर्विष करणारे जिवाणू नसतील, तर पाच दिवसांत हे प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चढते.

हे प्रमाण किती घातक ठरेल, हे पाण्याच्या सामूवर व तापमानावर अवलंबून असते. पाण्यातील अमोनियाचा काही भाग अमोनियमच्या रूपात असतो व तो फारसा विषारी नसतो. उरलेला मुक्त अमोनिया मात्र अत्यंत विषारी असतो. तापमान २८ अंश सेल्सिअस असता, सामू ७ असलेल्या पाण्यात मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८ झाल्यास तोच वाटा साधारणतः साडेसहा टक्के होतो. म्हणजे वरील उदाहरणात पहिल्या पाण्यात मुक्त अमोनिया लिटरला सुमारे ०.०१४ मिलिग्रॅम, तर दुसऱ्या पाण्यात सुमारे ०.१३ मिलिग्रॅम होईल. लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे मुक्त अमोनिया गेला की माशांच्या कल्ल्यांस इजा होऊ लागते, असे मानले जाते.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण व विम्लधर्मी असते. गप्पी, मॉली व प्लॅटी यांना असे पाणी मानवते. किंबहुना या जाती आपल्याकडे सहज रुजल्या याचे हेही एक कारण आहे. परंतु त्याच पाण्यात साचलेला अमोनिया सुमारे नऊपट अधिक घातक ठरतो, हेही विसरता कामा नये. यास्तव आपल्या भागात गाळणी ही चैनीची वस्तू नसून आवश्यक वस्तू होय.

गाळणी कशी चालते?

पंपातून आलेली हवा मधल्या नळीच्या तळाशी बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. बुडबुडे मिसळलेले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते व नळीतून वर चढते. त्याची जागा भरून काढण्यासाठी टाकीतील पाणी चहूबाजूंनी स्पंजातून आत ओढले जाते. अशा रीतीने कोणतेही फिरते चाक किंवा विजेची तार पाण्यात न सोडता टाकीतील सर्व पाणी पुनःपुन्हा जिवाणूंच्या थरावरून जात राहते. ओढ सौम्य असल्याने नुकतीच जन्मलेली पिल्ले आत खेचली जात नाहीत. पिल्ले वाढविणाऱ्यांनी हीच गाळणी पसंत करण्याचे हे प्रमुख कारण होय. स्पंजावर वाढणारे सूक्ष्म जीव ही पिल्ले टिपून खातात, हा आणखी एक लाभ.

पृष्ठभागावर फुटणाऱ्या बुडबुड्यांमुळे पाणी खालीवर होते व त्यास हवेतील प्राणवायू मिळतो. हा प्राणवायू माशांइतकाच जिवाणूंसही लागतो. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होण्यास साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्ची पडतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांस तो सुमारे ७ मिलिग्रॅमवर येतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पंप रात्रंदिवस चालू ठेवणे अगत्याचे असते. तीन वॅटचा लहान पंप अखंड चालविला तरी महिन्यास विजेची दोन-सव्वादोन युनिटेच खर्च होतात. तेव्हा बचतीसाठी तो रात्री बंद ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

निवड व मांडणी

स्पंज मत्स्यपात्रासाठीच तयार केलेला असावा. गाद्यांचा किंवा बांधणीच्या सामानातील फोम वापरू नये. त्यात आग न लागण्यासाठी अथवा अन्य हेतूंनी रसायने घातलेली असू शकतात, आणि त्याची छिद्रे एकमेकांस जोडलेली नसल्यास पाणी आरपार जात नाही. भांडी घासण्याचा स्पंजही याच कारणास्तव वर्ज्य समजावा. एका इंचात साधारणतः वीस ते तीस छिद्रे असलेला स्पंज सर्वसाधारण टाकीस योग्य असतो. छिद्रे याहून फार बारीक असल्यास ती लवकर तुंबतात, फार मोठी असल्यास बारीक कण निसटून जातात.

मांडणी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. नवा स्पंज साध्या पाण्यात दोन-तीन वेळा पिळून घ्यावा. त्यातील हवा निघून गेली नाही, तर तो तरंगत राहतो.

२. गाळणी टाकीच्या तळाजवळ ठेवावी. हवा जितक्या खोलीवर सुटेल, तितके पाणी अधिक जोराने वर चढते. वर जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागालगत असावे.

३. पंप शक्यतो टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवावा. ते शक्य नसल्यास हवेच्या नळीत उलट प्रवाह रोखणारी छोटी झडप अवश्य बसवावी. अन्यथा वीज जाताच टाकीतील पाणी नळीवाटे पंपात उतरते. त्याने पंप बिघडतो व विजेचा धक्का बसण्याचाही संभव असतो.

४. विजेची तार जोडणीच्या ठिकाणापेक्षा थोडी खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी. म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खालीच ठिबकेल, जोडणीत शिरणार नाही.

५. एका मोठ्या स्पंजापेक्षा दोन लहान स्पंज ठेवणे अधिक हितावह असते. एक धुतला असता दुसऱ्यावरील जिवाणूंमुळे टाकीचे काम चालू राहते.

पहिले सहा आठवडे

गाळणी बसविली म्हणजे ती कामास लागली, असे नव्हे. अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासविणाऱ्या जिवाणूंची संख्या अनुकूल परिस्थितीत अर्ध्या-एक तासात दुप्पट होऊ शकते. या जिवाणूंस त्यासाठी बहुधा अर्ध्या दिवसाहून अधिक, पुष्कळदा पूर्ण दिवसही लागतो. म्हणून नव्या टाकीत प्रथम अमोनिया वाढतो. तो कमी होऊ लागला की नायट्राइट वाढते. शेवटी नायट्राइटही नाहीसे होते व नायट्रेट दिसू लागते. आपल्याकडील उष्ण हवामानात या सर्व क्रियेस साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. थंडीच्या दिवसांत अधिक काळही लागू शकतो.

या काळात मासे थोडेच ठेवावेत. वर वर्णन केलेल्या ४५ लिटरच्या टाकीत आरंभी चार-पाच गप्पी पुरेत. त्यांना दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य दिवसातून एकदा द्यावे. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे पाणी घालावे. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची थेंबांची संचपेटी रंगीत माशांच्या मोठ्या दुकानांत मिळते. दोन्हींचे प्रमाण शून्य आढळल्याखेरीज आणखी मासे आणू नयेत; आणि आणावयाचे तेही एकदम न आणता, आठवड्याच्या अंतराने थोडेथोडे आणावेत. म्हणजे वाढत्या अमोनियाबरोबर जिवाणूही वाढत जातात.

नायट्राइट रक्तात शिरल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. रक्त तपकिरी होते व पाण्यात प्राणवायू असूनही मासे गुदमरतात. यावर मिठाचा उपयोग होतो. मिठातील क्लोराइड कल्ल्यांवाटे नायट्राइट आत शिरण्यास अडथळा करते. दर १० लिटर पाण्यास एक ग्रॅम, म्हणजे वरील टाकीस साधारण एक लहान चमचाभर साधे मीठ पाण्यात विरघळवून घातल्यास माशांचा बचाव होण्यास मदत होते. हा तात्पुरता उपाय आहे. खरा उपाय जिवाणूंची वाढ हाच.

हा सहा आठवड्यांचा काळ बराच कमी करण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. ओळखीच्या घरी निरोगी माशांची जुनी टाकी असल्यास तेथील स्पंजाचा एक तुकडा आणावा, अथवा तो स्पंज पिळून निघालेले गढूळ पाणी आपल्या नव्या गाळणीवर सोडावे. दह्यास विरजण लावावे, त्यातलाच हा प्रकार होय. तुकडा आणताना तो टाकीतल्याच पाण्यात बुडवून व लवकर आणावा. वाळू देऊ नये. ज्या टाकीत माशांस रोग झाला असेल, तेथील स्पंज मात्र कदापि आणू नये. जिवाणूंबरोबर रोगही येतो.

धुण्याची योग्य रीत

स्पंज कालांतराने तुंबतो. बुडबुडे पूर्ववत येत असूनही नळीतून चढणारे पाणी मंदावले, किंवा स्पंजास हात लावताच गाळाचे ढग उठू लागले, म्हणजे तो धुण्याची वेळ झाली असे समजावे. साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी ही वेळ येते. मासे अधिक असल्यास ती लवकर येते.

धुण्यासाठी प्रथम टाकीतील पाणी बादलीत काढून घ्यावे. आठवड्याच्या पाणीबदलाच्या दिवशीच हे काम केल्यास वेगळे पाणी लागत नाही. टाकीतून स्पंज उचलताना त्याच्या खाली वाडगे किंवा पिशवी धरावी, म्हणजे गाळ टाकीत सांडणार नाही. बादलीतील पाण्यात स्पंज चार-सहा वेळा हलक्या हाताने दाबून सोडावा. पाणी काळसर होईल. तेवढे पुरे. स्पंज पुन्हा नव्यासारखा दिसावा, असा आग्रह धरू नये. तपकिरी रंगाचा, किंचित बुळबुळीत स्पंज हाच कामाचा स्पंज होय. दोन स्पंज असल्यास दोन्ही एकाच दिवशी धुऊ नयेत. मध्ये दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

नळाचे पाणी थेट वापरणे धोक्याचे असते. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो व ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकलेली असते. रोगजंतू मारण्यासाठीच ही द्रव्ये घातलेली असतात. उपयोगी जिवाणूंसही ती सोडत नाहीत. पाणीबदलासाठी लागणारे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे व मध्ये एक-दोनदा ढवळावे. घाई असल्यास दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव्य बाटलीवरील मात्रेप्रमाणे घालावे. साबण, सोडा, डेटॉल यांचा स्पंजास स्पर्शही होऊ देऊ नये. गरम पाणी व कडक ऊन हीदेखील तितकीच घातक समजावीत. माशांच्या रोगांवरील काही औषधे, विशेषतः मेथिलीन ब्लू व जिवाणुनाशक औषधे, याच प्रकारे नत्रीकरण बंद पाडू शकतात. म्हणून औषधोपचार मुख्य टाकीत न करता वेगळ्या भांड्यात करावा.

चुकून स्पंज नळाखाली धुतला गेला असेल, तर टाकी नवी आहे असे मानून वागावे. खाद्य दोन दिवस बंद करावे. निरोगी मोठे मासे इतक्या उपासाने दगावत नाहीत. रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे, आणि शक्य तितक्या लवकर जुन्या स्पंजाचे विरजण मिळवावे.

वीज गेल्यास

ग्रामीण भागात वीजपुरवठा कित्येक तास खंडित होतो. पंप बंद पडताच स्पंजाच्या आतील पाणी साचून राहते, त्यातील प्राणवायू संपत जातो व आतले जिवाणू गुदमरू लागतात. तास-दोन तासांच्या खंडाने सहसा अपाय होत नाही. खंड अधिक लांबल्यास खाद्य देऊ नये व तांब्याने टाकीतील पाणी काढून ते थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावे. तासातून काही वेळा असे केल्याने माशांना प्राणवायू मिळतो. स्पंज पाण्यातच हळूहळू हालवीत राहिल्यास त्यातूनही ताजे पाणी खेळते. जेथे वीज वरचेवर जाते, तेथे जिवंत मासे वाहून नेण्यासाठी वापरला जाणारा सेलवर चालणारा हवेचा पंप संग्रही ठेवणे इष्ट.

वीज पाच-सहा तासांहून अधिक काळ गेली असेल, तर ती येताच पंप सुरू करू नये. आधी स्पंज बाहेर काढून टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत दाबून घ्यावा. त्यास सडका वास येत असल्यास आतील घाण टाकीत जाऊ न देणे अत्यावश्यक असते. त्यानंतर तो बसवावा आणि दोन-तीन दिवस खाद्य निम्मे करावे.

गाळणीची मर्यादा

स्पंजाची गाळणी अमोनियाचे नायट्रेट करते. नायट्रेट टाकीबाहेर काढीत नाही. ते तुलनेने सौम्य असले तरी साचत जाते. म्हणून गाळणी असूनही आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे आवश्यकच असते. तसेच नत्रीकरणामुळे पाण्याची विम्लता खर्ची पडते. कठीण विहिरीच्या पाण्यात तिचा साठा पुरेसा असतो. केवळ पावसाचे किंवा शुद्धीकरण यंत्रातील पाणी वापरल्यास मात्र सामू घसरतो. तो ६ च्या खाली गेल्यास जिवाणूंचे काम फार मंदावते. अशा पाण्यात विहिरीचे पाणी मिसळावे.

गाळणी चांगली आहे म्हणून माशांची गर्दी करणेही उचित नव्हे. गोल्डफिशसारखे मोठे होणारे व पुष्कळ खाणारे मासे लहान टाकीत ठेवल्यास एका स्पंजास ते काम झेपत नाही. ज्या शेतास जितके खत पचते तितकेच द्यावयाचे असते. टाकीचेही तसेच आहे. टाकीत रोज किती खाद्य पडते, यावरच गाळणीचे काम ठरते.

काढलेल्या पाण्याचा उपयोग

टाकीतून काढलेले पाणी व स्पंज धुतलेले गढूळ पाणी मोरीत ओतून देणे म्हणजे खत फेकून देणे होय. त्यात नायट्रेट, स्फुरद व सेंद्रिय गाळ असतो. परसातील भाजीपाला, तुळस, कुंडीतील फुलझाडे यांना ते खुशाल घालावे. जिवाणूंनी तयार केलेले नायट्रेट झाडांची मुळे सहज शोषून घेतात. मात्र पाण्यात मीठ किंवा औषध घातलेले असेल, तर ते झाडांना देऊ नये. नको असलेले मासे मात्र ओढ्यात, नदीत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. परक्या जातींमुळे तेथील मूळच्या माशांस उपद्रव होतो.

सारांश, गाळणीची निगा म्हणजे तिच्यातील जिवाणूंची निगा होय. त्यांना चार गोष्टी लागतात : ओलावा, प्राणवायू, माफक खाद्य आणि विषापासून संरक्षण. नवी टाकी मांडताना त्यांना सहा आठवडे द्यावेत, धुताना त्यांना टाकीतलेच पाणी द्यावे व वीज गेल्यावर त्यांची आठवण ठेवावी. एवढे पथ्य पाळणाऱ्या कुटुंबास महागड्या यंत्राची गरज पडत नाही; आणि मुलांनी हौसेने आणलेले मासे पहिल्याच आठवड्यात मरण्याचा प्रसंग बहुतेक टळतो.